डोंगराकडे तोंड केलेला भोंगा

माझे तोंड डोंगराकडे आणि पाठ समुद्राकडे आहे. बामगोल गावाच्या सभाघरासमोर जो उंच लोखंडी खांब उभा आहे, त्याच्या टोकावरचा मी एक जुना भोंगा आहे. माझा रंग करडा आहे, एका बाजूला पोचा आला आहे आणि कडेला काजळीचा डाग आहे; तो खरवडूनही निघत नाही. मित्रांनो, मला माझे स्वतःचे असे शब्द कधी मिळाले नाहीत. लोक जे बोलले तेच मी मोठ्याने बोललो. आज पहिल्यांदा स्वतःविषयी सांगतो आहे, म्हणून कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म राजधानीजवळच्या एका कारखान्यात झाला. आम्ही दोघे होतो, एकाच साच्यातून निघालेले जुळे भाऊ. गवताच्या पेंढ्यात गुंडाळून आम्हाला ट्रकने डोंगर ओलांडून इकडे आणले. खांबावर चढवताना माझ्या भावाचे तोंड समुद्राकडे, खालच्या वाडीकडे केले आणि माझे डोंगराकडे, वरच्या वाडीकडे. कोणाला कुठे बसवायचे हे कोणी ठरवले नव्हते. जो हाताला लागला तो तिकडे गेला.

त्या दिवशी सगळे गाव खांबाखाली जमले होते. सरपंच हाम दोक-सू सभाघरात माइकसमोर बसला. तेव्हा तो तिशीतला होता, मान लांब आणि आवाज भरदार.

"अं, अं. माइक तपासतोय. अं. मी सरपंच हाम बोलतोय. ऐकू येतंय का?"

"येतंय की!" खालून लोक ओरडले.

"ऐकू येत नसेल त्याने हात वर करा," सरपंच म्हणाला, आणि सगळे गाव खो खो हसले. मला वाटले, हे काम बरे आहे.

आमच्या तालुक्यात हवा दोन दारांनी येते. एक दार डोंगराचे, दुसरे समुद्राचे. हिवाळा सरत आला की समुद्राचे दार उघडते. ओला वारा येऊन डोंगराला थडकतो आणि तिथेच बर्फ टाकतो. इतका की कुंपणे बुडतात. चैत्राच्या सुमारास डोंगराचे दार उघडते. मग पलीकडून येणारा कोरडा वारा दारे-खिडक्या खिळखिळ्या करतो, धुतलेले कपडे घटकाभरात वाळवतो आणि माणसांची डोकी तापवतो. अधूनमधून पिवळी धूळ येते. फुले उमलली की एकदा थंडी परत फिरते. तिला इकडे फुलांवर जळणारी थंडी म्हणतात. मग पावसाळा. मग समुद्रावरून धुके आणि भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरवणारा गार वारा येतो, तेव्हा भाताची कणसे पोचट राहतात. शेवटी वादळे, आणि वादळे संपली की निळेभोर आकाश. त्या आकाशाखाली लोक गाम नावाची केशरी फळे सोलून दोऱ्यात ओवतात आणि ओसरीत वाळत घालतात.

हे सगळे मला पाठ आहे, कारण वर्षानुवर्षे मी हेच बोलत आलो. रोपे झाका. छपरावरचा बर्फ ओढा. बांधावर गवत जाळू नका. फळे आत घ्या, धुके येतंय. उद्यापासून पाणी गोठेल, किम्चीसाठी कोबी खारवून घ्या.

आमच्या खांबाच्या अगदी बुडाशी एक घर होते. त्या घरात जुमुनजिन बंदरातून आलेली नवी सून होती. गावाने तिला जुमुनजिनवाली हेच नाव दिले. तिची आई बंदरावर मासळी विकायची, त्यामुळे मुलीचा आवाजही तसाच होता. ती अंगणात नवऱ्याला हाक मारायची तेव्हा वरच्या वाडीतली कुत्री भुंकायची. तिला पहिली मुलगी झाली. मुलगी रात्रभर रडे आणि पहाटे झोपी जाई. आणि पहाटेच सरपंच माइकसमोर खाकरे.

एका दुपारी ती फळे तोडायची लांब काठी घेऊन बाहेर आली. काठीच्या टोकाला तिने नवऱ्याची कापूस भरलेली जुनी विजार अडकवली होती. "घे मेल्या," असे म्हणत तिने ती विजार माझ्या तोंडात कोंबली. विजारीच्या दुसऱ्या पायाचा बोळा माझ्या भावाच्या तोंडात गेला. ती हात झटकून आत गेली.

संध्याकाळी सरपंच काहीतरी बोलला. आमच्या तोंडून नुसते "ऊं ऊं ऊं" निघाले. सरपंच तोंडात घास धरून बोलतोय असे लोकांना वाटले आणि ते आपापल्या कामाला लागले.

दुसऱ्या सकाळी सरपंचाने शिडी लावून विजार काढली, तिची नीट घडी घातली आणि ती घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, हे घ्या. भोंग्याला थंडी वाजत नव्हती."

"तुमची जीभ गारठली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "लेकराचा जरा डोळा लागतो न लागतो, तोच तुम्ही खाकरता!"

"खाकरत नाही. माइक तपासतो."

"मग बायकोच्या कानात तपासा!"

"काल सांगत होतो की रात्री दव गोठेल, रोपं झाका."

तिने वळून परसात पाहिले. मिरचीची सगळी रोपे उकडलेल्या पाल्यासारखी काळी पडून लोळत होती. मग तिने हळूच विचारले, "तुमची तरी झाकली होती का?"

"कुठली? बायको माझ्याच सांगण्याची वाट बघत बसली. आणि मी इथे माइकपुढे."

ती हसू दाबत आत गेली. त्यानंतर एक अलिखित करार झाला. हिमाचे किंवा वादळाचे काही सांगायचे नसेल तर सरपंचाने उजाडल्यावरच बोलायचे, आणि तिने विजार नवऱ्याच्या अंगावरच ठेवायची. कुरकुर मात्र चालूच राहिली. पुढची वीस-बावीस वर्षे सरपंच बोलायला लागला की ती खालून उत्तर द्यायची. "आज दुपारी वारा सुटणार आहे," तो सांगे. "तुमच्या तोंडून रोजच सुटतो," ती म्हणे. माइकपर्यंत ते पोहोचत नसे. मला मात्र सगळे ऐकू येई.

आता आगीच्या दिवसाविषयी सांगतो.

त्या वर्षी हिवाळ्यात बर्फ कमी पडला होता. जमीन कोरडी, डोंगरावरची पाइनची झाडे कोरडी, पायाखालची सुयांसारखी पानेही कोरडी. डोंगराचे दार उघडले आणि वारा असा सुटला की माझा खांब दिवसभर गुणगुणत होता. सरपंच दर थोड्या वेळाने सांगे, "काडी ओढू नका. शेतात काही जाळू नका. राख बाहेर टाकू नका." आमच्या गावात कोणी काही जाळले नाही. आग पलीकडच्या खोऱ्यात लागली. कशी लागली ते आजवर कोणालाही नक्की कळलेले नाही.

जेवणाची वेळ टळून गेली होती. डोंगराच्या कण्यावर आधी पिवळसर धूर दिसला, मग काळा. मग एक पाइनचे झाड काडीसारखे पेटले आणि त्याच्या ठिणग्या वाऱ्याने आमच्या बाजूच्या उतारावर फेकल्या. सरपंच शेतातून चिखलाच्या बुटांनिशी पळत आला. त्या दिवशी त्याने माइक तपासला नाही.

"आग कणा ओलांडून इकडे आली आहे! सगळ्यांनी खाली, समुद्राकडे निघा! वरच्या वाडीने आधी निघा! सामान घेऊ नका!"

मित्रांनो, मी जीव तोडून ओरडलो. पण वारा समोरून येत होता. माझ्या तोंडातून निघालेले शब्द वारा मागे लोटत होता. पाठीमागची खालची वाडी सगळे ऐकत होती आणि जिथे आग येत होती तिकडे निम्मेच पोहोचत होते. वरच्या वाडीतली माणसे दारात आली, धूर पाहून धावपळ करू लागली. पण वाडीच्याही वर, उतारावर एकटे घर होते ओम ची-बोक याचे. त्याच्या मधमाश्यांच्या पांढऱ्या पेट्या मला खांबावरून स्पष्ट दिसत होत्या. तो पेट्यांमध्ये वाकून काम करत होता. वारा पेट्या उलथवू नये म्हणून तो त्यांच्यावर दगड ठेवत होता. त्याची पाठ डोंगराकडे होती. त्याने मान वर केली नाही.

सरपंचाने सभाघराच्या दारातून ते पाहिले. पुन्हा आत जाऊन तो ओरडला, "ची-बोक! ए ची-बोक, मागे बघ!" ची-बोकने आणखी एक दगड उचलला.

इतक्यात जुमुनजिनवाली आपल्या घरातून बाहेर आली. तिने ओला रुमाल तोंडाला बांधला होता.

"त्याला ऐकू जात नाही," सरपंच म्हणाला. "मी मोटारसायकलने वर जातो. तुम्ही बोला."

"मी? ह्या मेल्या भोंग्यात?"

"गावात दुसरा कोणाचा आवाज आहे तेवढा?"

"अहो, तुमचं घर वर आहे. बायको?"

"ती दुसऱ्याच्या म्हातारीला घेऊन खाली गेली. घराचं घर बघून घेईल." एवढे बोलून तो निघाला.

ती माइकसमोर बसली. क्षणभर नुसता तिचा श्वास माझ्यातून बाहेर पडला. मग ती बोलू लागली, आणि माझा आतला पडदा असा थरथरला की फाटतो की काय असे वाटले.

"ऐका! मी जुमुनजिनवाली बोलतेय! वरच्या वाडीतल्यांनो, काय बिऱ्हाड हलवताय का? ए फ्योंगचांगवाली, मला दिसतंय इथून, कपाट कसलं उचलतेस, सासूला उचल! किम्चीचे रांजण राहू देत तिथेच. रांजण जळत नाहीत, माणसं जळतात! गुरांची दावी सोडा. बांधून ठेवू नका बिचाऱ्यांना, ती आपली वाट शोधतील. ए यू-ग्वान, ट्रकात टीव्ही चढवलास ना? उतरव आधी! त्या जागेवर दोन म्हाताऱ्या बसतील! उतरवलास का? उतरव म्हणते ना!"

यू-ग्वानने टीव्ही रस्त्यावर ठेवला. मी पाहिले. फ्योंगचांगवालीने कपाट सोडून दिले आणि सासूला पाठुंगळी घेतले. आजवर सरपंचाचे ऐकताना लोक एक कान दुसऱ्या कामाकडे ठेवत. जुमुनजिनवालीला सगळे भीत होते. ती एकेका घराचे नाव घेऊन हाक मारत होती, आणि ज्याचे नाव आले तो चालू लागत होता.

मग विजेचे खांब पेटले आणि माझा आवाज बंद झाला. तिला ते कळले नाही. ती आत बोलतच राहिली. शेवटी ट्रक घेऊन जाणाऱ्या यू-ग्वानने दारात येऊन सांगितले, "काकू, भोंगा गेला. चला!"

"सरपंच आला का?"

"नाही."

"मग तू जा. म्हाताऱ्या पोहोचव."

ती सभाघराच्या पायरीवर उभी राहिली. ठिणग्या अंगणात पडत होत्या. त्या ती जुन्या गोणपाटाने विझवत होती आणि डोंगराकडे पाहून सरपंचाला नावे ठेवत होती. एवढ्या शिव्या मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. माझा रंग तापून फुगला, कडेला काजळी धरली. वरच्या वाडीतले एकेक छप्पर खाली बसत होते. त्यात सरपंचाचेही छप्पर होते.

धुरातून आधी मोटारसायकलचा आवाज आला. मग सरपंच दिसला. त्याच्या मागे ओल्या घोंगडीत गुंडाळलेला ची-बोक होता आणि तो लहान मुलासारखा रडत होता. "पेट्या, माझ्या पेट्या," एवढेच तो म्हणत होता.

"बसा मागे, वहिनी," सरपंच म्हणाला. निदान ओठांची हालचाल तशी होती. आवाज निघाला नाही.

तिघे एका मोटारसायकलवरून गेले. मी एकटाच खांबावर राहिलो. माझा भाऊ होता म्हणा, पण त्याचे तोंड दुसरीकडे होते.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. वरच्या वाडीत एकही घर उभे नव्हते. जुमुनजिनवालीचे अर्धे घर गेले होते. फक्त रांजण होते, ओळीने, राखेत उभे. बायकांनी झाकणे काढून पाहिली तर आतली किम्ची शिजून आंबट ढाण झाली होती. शेजारच्या गावांनी भात पाठवला आणि सगळ्यांनी सभाघरात बसून तीच किम्ची भाताबरोबर खाल्ली. कोणी मेले नव्हते. लोक जेवता जेवता एकमेकांकडे पाहत होते, जणू मोजत होते.

सरपंचाचा आवाज परत आला नाही. धुराने त्याचा घसा कायमचा बसला. महिनाभराने तो माइकसमोर बसला, तोंड उघडले, आणि माझ्यातून नुसती फुसफुस बाहेर पडली. त्याने बटण बंद केले.

गावाने जुमुनजिनवालीला सरपंच केले. ती नाही नाही म्हणत होती. "मला काय कळतं हवामानातलं? मी बंदरावरची." तेव्हा हाम दोक-सूने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. तालुक्याहून हवामानाचा निरोप आला की हाम तो ऐके, कुजबुजत तिला सांगे, आणि ती ते माझ्यातून गावाला सांगे. दोघांचे भांडण तेवढ्यातही चाले.

"हिम पडणार, एवढंच सांगा," तो कुजबुजे.

"एवढं सांगून कोण उठतंय? थांबा." आणि मग मोठ्याने: "आज हिम पडणार आहे! ज्यांना मिरची नको असेल त्यांनी खुशाल झोपा!"

त्याच उन्हाळ्यात ची-बोक शिडी लावून वर आला. त्याने माझी काजळी घासली, निघाली तेवढी, आणि मला करडा रंग दिला. "तुझं त्या दिवशी काही ऐकू आलं नाही बाबा," तो ब्रश फिरवताना म्हणाला. "पण रंग देतो." आगीनंतर गावाने एक रीत घालून घेतली. चैत्रात डोंगराचे दार उघडले की भोंग्यावर सांगून झाल्यावर एक माणूस पायी वरपर्यंत जातो आणि प्रत्येक दार ठोठावतो. ते काम ची-बोकनेच मागून घेतले. उघड्या डोंगरावरून पुढे काही पावसाळे चिखल वाहत आला. एका वादळाने माझ्या भावाला उपटून भाताच्या खाचरात टाकले. तो तुटला होता. त्याच्या जागी दुसरा बसवला नाही.

मग बरीच वर्षे गेली. वरच्या वाडीत नवी घरे झाली. हाम दोक-सू म्हातारा झाला. एका हिवाळ्याच्या अखेरीस समुद्राचे दार उघडले आणि तीन दिवस बर्फ पडत राहिला. चौथ्या सकाळी वारा अजिबात नव्हता. सगळीकडे एवढे पांढरे होते की घरे कुठे आहेत ते फक्त धुरावरून कळत होते. फोन वाजला आणि मग जुमुनजिनवाली खिडकीतून बाहेर पडली, कारण तिचे दार उघडतच नव्हते. कमरेइतक्या बर्फातून ती सभाघरात आली. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिने माइक हातात घेतला.

"ऐका," ती म्हणाली. त्या दिवशी ती ओरडली नाही. "आज पहाटे सरपंच हाम दोक-सू गेले. मी त्यांनाच सरपंच म्हणते. मी नुसती बोलत होते. बर्फ तुमच्या कमरेपर्यंत आहे. तालुक्याची गाडी परवापर्यंत येणार नाही. म्हाताऱ्यांनी घरातूनच नमस्कार करा, बाहेर पडून मला आणखी काम लावू नका. ज्याला फावडं धरवतंय त्याने आपल्या दारापासून सरपंचांच्या दारापर्यंत वाट काढा. त्यांच्या घरात आज त्यांची बायको एकटी आहे."

तिने बटण बंद केले. काही वेळ काहीच हलले नाही. मग वरच्या वाडीत एक दार आतून ढकलले गेले. मग खालच्या वाडीत एक. मित्रांनो, उंचावर असण्याचा एवढाच फायदा. प्रत्येक घरापासून एक करडी रेघ निघाली आणि हळूहळू पुढे सरकू लागली. माणसे दिसत नव्हती, फक्त फावड्यातून उडणारा बर्फ दिसत होता. काही रेघा वाटेत एकमेकींना मिळाल्या आणि रुंद झाल्या. दुपार कलली तेव्हा त्या सगळ्या हाम दोक-सूच्या अंगणात पोहोचल्या होत्या.

आता प्रत्येक घरात एक छोटी बोलकी पेटी आली आहे. लोकांच्या खिशातला फोनही किंचाळून हवामान सांगतो. मला खांबाला धरून ठेवणारी पट्टी गंजली आहे आणि पावसाळ्यात माझ्या तोंडात गांधीलमाश्या घर करतात. मला काढायचे की ठेवायचे, याची चर्चा खांबाखालीच चालते, मी ऐकतो आहे हे विसरून. काढले तर मला तक्रार नाही. भोंग्याला वय झाले की उतरवतातच.

पण मित्रांनो, तुमच्या गावातही वारा सुटत असेल, पाणी चढत असेल, ऊन माणसे पाडत असेल. तेव्हा तुम्हीही कुठल्यातरी भोंग्यातून, पेटीतून, फोनमधून सगळ्यांना सांगाल आणि आपले काम झाले असे समजाल. मी आयुष्यभर मोठ्याने बोललो, म्हणून माझे एवढे ऐका: बोलून झाले की बाहेर या, आणि कोणी मान वर केली नाही ते पाहा. मग त्याच्याकडे चालत जा.